तळपायांचा घाम

लष्करातील आपल्या घरांतून पायांच्या घामाचे एकच निदान ऐकू येते : अंगात उष्णता फार. मग सब्जा, गुलकंद आणि रात्री काशाच्या वाटीने तळव्यांस तूप चोळणे हे ओघानेच आले. वाटीने झोप छान लागते, त्याविषयी आमची तक्रार नाही. घाम मात्र तिने थांबत नाही. आणि सकाळी तूप न धुता मोजे चढविले तर चिकचिक वाढतेच.

घामाच्या ग्रंथी तळहात व तळपायांवर सर्वांत दाट असतात. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख. अंगावरचा घाम मुख्यतः उकाड्याने सुटतो, तळव्यांचा बराचसा मनाच्या ताणाने. म्हणून ज्यांस हा विकार आहे त्यांचे पाय ग्वाल्हेरच्या पौषातल्या थंडीतही ओले असतात, आणि गाढ झोपेत कोरडे. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो व पुष्कळदा एकाच घरात बापाला, आत्याला, मुलीला दिसतो. अस्वच्छतेचा हा दोष नव्हे.

हे सांगण्याचे कारण मुले. ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला, मुंजीच्या पंगतीला जोडे बाहेर काढावेच लागतात. फरशीवर ओली पावले उमटतात, कोणी नाक मुरडते, आणि पुढल्या वेळी मूल म्हणते, 'मला नाही यायचे.' सर्वांदेखत 'पाय धुऊन ये' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, लाजेने ताण वाढतो आणि ताणाने घाम.

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. ओलाव्याने मऊ पडलेल्या कातडीवर जंतू वाढतात, वास त्यांचा. वैशाखातल्या लूमध्ये आपण चपला घालतो, घाम उडून जातो. खरा त्रास श्रावणात, दोरीवरचे मोजे दोन दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा; आणि थंडीत, दिवसभर बंद बुटांत. शाळेच्या बुटांचे दोन जोड घेणे खर्चाचे, हे खरे. पण जोड पुरता वाळायला एक दिवस तरी लागतो. म्हणून आलटून पालटून वापरावेत. नायलॉनचे मोजे टाळावेत, आणि सुती मोज्यांचा एक कोरडा जोड डब्याबरोबर दप्तरात द्यावा.

चहाच्या कोऱ्या, कोमट काढ्यात रोज वीसेक मिनिटे पाय बुडविल्यास त्यातील तुरट द्रव्याने काहींस थोडा गुण येतो. अधिक भरवशाचे औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण, साधारण 20 टक्क्यांचे. ते ग्रंथींची तोंडे तात्पुरती बुजविते. झोपेत घाम थांबलेला असतो, म्हणून ते रात्री, पूर्ण कोरड्या पायांस लावून सकाळी धुवावे. भेगांवर लावू नये. आग झाल्यास काही दिवस थांबावे. मुलांसाठी आधी डॉक्टरांस विचारावे. एवढ्याने भागले नाही तर पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार त्वचारोगतज्ज्ञ सुचवितात. तो त्यांच्या यंत्रावर व सल्ल्यानेच घ्यायचा. घरच्या विजेवर असला प्रयोग केल्यास जीव जाईल.

उतारवयात एकाएकी घाम वाढला, किंवा रात्री सर्वांग भिजू लागले, तर थायरॉइड व रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह असलेल्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर त्या भेगेतून पायाला मोठी जखम होऊ शकते. बेचक्या रोज पुसून, रात्री दिव्याखाली पाहाव्यात. वाकवत नसेल तर घरातल्या कोणी पाहाव्यात.