परगावी राहणाऱ्याचा शिधा

रूथचे पुस्तक शिकविताना आपण बहुधा तिच्या निष्ठेवर भर देतो. या पाठात तिच्या पदरातील धान्याकडे पाहू. लेवीय १९ व्या अध्यायाप्रमाणे शेतातला सरवा गरिबाचा व उपऱ्याचा होता. बवाजाने मेहेरबानी केली हे खरे. पण सरवा वेचण्याचा हक्क नियमानेच दिलेला होता, आणि त्यासाठी रूथला मवाबात परत जावे लागले नाही.

सुरतेतील आपल्या लोकांची अडचण नेमकी हीच होती. नंदुरबार, धुळे, जळगावकडून भुसावळ-सुरत मार्गाने आलेली कितीतरी मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली भागांत राहतात. काम मागावर किंवा कापडबाजारात, रेशनकार्ड मात्र गावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य ठरले, पण ते गावच्याच दुकानात. येथे बाजारभावाने गहू-तांदूळ घेतला की डाळ, दूध, भाजी यांनाच कात्री लागते.

९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र व गुजरात यांच्यात ही अट सुटली. दुसरी जोडी आंध्र व तेलंगणाची होती. जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये या योजनेत आली, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. समजा, कार्डावर पाच जण आहेत. तिघे गावी, दोघे सुरतेत. तर १० किलो येथे उचलावे, उरलेले १५ किलो गावी मिळतात. कार्ड रद्द करावे लागत नाही, नवे काढावे लागत नाही. आधार जोडलेले असावे आणि यंत्रावर अंगठा उमटावा, एवढे पुरे. पुष्कळांना ठाऊकच नसते की दोन्हीकडे वाटून घेता येते. गावचा शिधा बंद होईल या भीतीने ते येथे विचारीतही नाहीत. महाराष्ट्र सरकार स्वतःतर्फे जे जादा जिन्नस देते ते मात्र येथे मिळत नाहीत.

आता पोषणाविषयी. नुसत्या गहू-तांदळाने मूल वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातेत पाच वर्षांखालील शंभरांतील ३९ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, महाराष्ट्रात ३५. आणि गुजरातेतील सुमारे ८० टक्के बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. हा काही फक्त गरिबीचा दोष नव्हे. चहा-बिस्किटावर मुलाची न्याहारी उरकण्याची चाल चांगल्या कमावत्या घरांतही आहे, आणि जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. बाजरीची भाकरी, मेथी, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे, वर लिंबाची फोड: खानदेशातून आलेल्या आयांना हे शिकवावे लागत नाही, आठवण द्यावी लागते. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचेच दूध; नंतर डाळीत कालवलेला मऊ भात सुरू करावा.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा व गरोदर स्त्रियांचा आहार जवळच्या अंगणवाडीत मिळतो. त्यासाठी रेशनकार्ड लागत नाही.

रविवारच्या शाळेतील मोठ्या मुलांकडे एक काम सोपवता येईल. ती गुजराती वाचतात, आईबापांपैकी बहुतेकांना येत नाही. आपल्या वस्तीतील ‘व्याजबी भावनी दुकान’ ही पाटी कोठे आहे व दुकान केव्हा उघडते, हे त्यांनी लिहून आणावे. दुकानदाराने परराज्याचे कार्ड म्हणून नाकारले, तर १४४४५ या क्रमांकावर विचारता येते.