जुने विचारवंत धुंडाळताना

नांदेड-लातूरकडच्या जुन्या विचारवंतांचं लेखन हुडकत हिंडायचा मला नाद आहे. त्यातून हाती लागलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो.

१. नाव माहीत आहे म्हणजे माणूस वाचलाय, असं नाही. नरहर कुरुंदकरांचं नाव नांदेडात पोराटोरांना ठाऊक. गुरुजी पीपल्स कॉलेजात कसे शिकवायचे, १० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादला व्यासपीठावरच कसे गेले, हे रंगवून सांगणारे अजून भेटतात. पण त्यांच्या 'जागर' या पुस्तकात सेक्युलॅरिझमबद्दल ते काय म्हणाले, असं विचारलं की चहा मागवला जातो.

२. तत्त्वज्ञानाच्या कपाटात शोधत बसू नये. आपल्याकडचा राजकीय विचार प्रस्तावनांत, व्याख्यानांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेला असतो. 'श्रीमान योगी' ही रणजित देसाईंची कादंबरी. तिची कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना लोक ओलांडून पुढे जातात. तीत प्रश्न असा आहे: शिवाजी महाराज गेल्यावर, औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला असताना, रयत का लढत राहिली? राज्याला लोकांची मान्यता कशाने मिळते, याची इतकी रोखठोक चर्चा मराठीत फार कमी जणांनी केली आहे.

३. निवृत्त मास्तरांच्या माळ्यावरची कात्रणं रद्दीत जाण्याआधी गाठावीत. बहुतेकांवर तारीख नसते, कापताना ती गेलेली असते. मग कात्रण उलटं करायचं. मागे सिनेमाची जाहिरात किंवा बाजारभाव असले तर साल काढता येतं.

४. विसरले, पण कोण विसरलं? वीरशैव संत मन्मथस्वामींचा 'परमरहस्य' हा ग्रंथ विद्यापीठांच्या राज्यशास्त्रात किंवा नीतिशास्त्रात मला कुठे दिसला नाही. पण लातूर जिल्ह्यात शिवनाम सप्ताहात त्याचं पारायण होतं, स्वामींच्या समाधीला, कपिलधारला, पायी दिंड्या निघतात. अशाच एका सप्ताहात सोवळ्याओवळ्याचा विषय निघाला. समोरच्या आजींनी गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं आणि म्हणाल्या, "हे असल्यावर इटाळ कुनाचा, बाबा?" बसवण्णांचं कल्याण इथून फार लांब नाही, हे एरवी नकाशावरच ठाऊक असतं; आजींच्या उत्तरात ते ऐकू आलं.

५. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेखक ज्याच्याशी भांडत होता, त्याच्यासकट त्याला वाचावं. उदाहरण आमच्या भागाबाहेरचं आहे: ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ची. महात्मा फुल्यांनी १८८५ला 'सत्सार'मध्ये तिची पाठराखण केली. त्यानंतर ती जवळजवळ गडप झाली, ती १९७५ला स. गं. मालशांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांनी बायकांवर काय आग पाखडली होती, ते बाजूला ठेवलं तर ताराबाईंचा राग नुसता त्रागा वाटतो.

कुरुंदकरांचं उलटं होतं. त्यांना अर्धं वाचणारे फार. संघाच्या गोळवलकर गुरुजींवरची टीका एका गटाला पाठ, भारतीय मुसलमानांच्या राजकारणावरचे खडे बोल दुसऱ्याला. दोघांनाही तोच माणूस आपला वाटतो! आमच्या वाचक मंडळात मी मुद्दाम दोन्ही लेख एकाच संध्याकाळी वाचायला ठेवले. चांगलंच वाजलं. एक गृहस्थ तावातावाने उठून गेले. पुढच्या बैठकीला तेच कुरुंदकरांचं 'शिवरात्र' घेऊन आले, पानापानाला खुणांच्या चिठ्ठ्या लावून.