सूर्याचा वारा व पृथ्वीचा तट

आम्ही तासगांवीं होकायंत्र पाहतों तेव्हां त्याची सुई निश्चल दिसते. परंतु सूर्याकडून विद्युत्कणांचा वारा सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें पृथ्वीकडे अखंड वाहत असतो. पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र त्यास किल्ल्याच्या तटाप्रमाणें अडवितें. मग त्याची शक्ति आंत शिरते कशी? त्या वाऱ्यांतील चुंबकरेषा दक्षिणाभिमुख असल्या, तर त्या पृथ्वीच्या उत्तराभिमुख रेषांशीं जोडल्या जातात व तटास खिंडार पडतें. आंत आलेल्या शक्तीनें पृथ्वीभोंवतालचें विद्युत्प्रवाहाचें कडें बळावतें आणि आपल्याकडील चुंबकबळ घटतें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत ही घट नोंदली गेली. त्या नोंदींवरूनच २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या महावादळाचें बळ अजमावलें. विद्यार्थिमित्रहो, नित्याची नोंद चोख ठेवावी. तिचें मोल पुढील पिढ्यांस कळतें.