मंडईचा धडा

शहराची प्रकृति त्याच्या बाजारपेठेवरून कळते. पुण्याचा भाजीबाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणांत भरे. नगरपालिकेनें त्यासाठीं शुक्रवार पेठेंत दगडी मंडई बांधली. ती १८८६ सालीं खुली झाली. विक्रेत्यांस निवारा मिळाला व शहराचा मध्यभाग आजतागायत गजबजलेला राहिला. परंतु सभासद या नात्यानें जोतीराव फुले यांनीं ह्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. आज मंडईस त्यांचेंच नांव आहे! यावरून आम्हांस असें वाटतें कीं, निर्णय उपयुक्त असला तरी ‘ह्यांत गरिबांचा वांटा किती?’ हें सभेंत कोणीतरी विचारलेंच पाहिजे. फेरीवाल्यांविषयींच्या २०१४ च्या कायद्यानें नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधि असावेत, असें ठरविलें आहे. विद्यार्थ्यांनो, उद्यां मत देतांना आपणही हाच प्रश्न विचारा.