घशाचं दुखणं हृदयापर्यंत जाऊ देऊ नका

मैत्रिणींनो, हृदयाचा आजार म्हटलं की आपल्याला वयस्कर माणूस आठवतो. पण एक हृदयविकार मुलांच्या घशातून सुरू होतो.

हे कसं घडतं?
५ ते १५ वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो. गिळताना दुखतं, ताप येतो, गळ्याला गाठी येतात. सर्दी-खोकला सहसा नसतो. शरीर या जंतूशी लढतं. पण काही मुलांमध्ये ते चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला करतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. हा संधिवाताचा ताप. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपेला कायमची इजा होऊ शकते. दर वेळी हा ताप उलटला की झडप आणखी बिघडते.

घरातल्या इतरांना धोका आहे का?
जंतू खोकण्या-शिंकण्यातून पसरतो. एका खोलीत जास्त माणसं झोपत असतील तर लवकर पसरतो. शिवाय काही घराण्यांत या आजाराकडे कल असतो. म्हणून एका मुलाला झाला, तर भावंडांचा घसा दुखला तरी लगेच दाखवा.

आपण काय करायचं?
१. ताप आणि घसादुखी असेल तर नुसत्या हळदीच्या दुधावर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.
२. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर दहाही दिवस द्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका.
३. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं, तेही कित्येक वर्षं. मूल खेळतंय, मग सुई कशाला, असं म्हणू नका. खेळतं राहावं म्हणूनच ती सुई आहे.

मुलींबद्दल खास
लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचा आजार लपवला जातो, इंजेक्शन बंद होतं. पुढे गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, अरुंद झालेल्या झडपेवर ताण येतो आणि जीव धोक्यात येतो. लहानपणी असा ताप आला असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर पहिल्याच तपासणीत नर्सताईंना सांगा.

बैठकीत चर्चा करा
आपल्या गटात कोणाच्या मुलाचं इंजेक्शन मध्येच थांबलंय का? प्रवासखर्चासाठी थांबलं असेल, तर गटातून मदत कशी करता येईल? आशाताईंना बैठकीला जरूर बोलवा.