मक्याच्या शेतातली चकती

१९ जुलै १९८९ ची गोष्ट. अमेरिकेत डेन्व्हर शहराहून एक मोठे विमान शिकागोला चालले होते. आत २९६ माणसे. विमानाला इंजिने तीन. दोन पंखांखाली, एक शेपटीत. आयोवा राज्यावरून जात असता शेपटीतले इंजिन धाडकन फुटले.

एक इंजिन गेले म्हणून विमान लगेच पडत नाही, बरं का! पण फुटलेल्या तुकड्यांनी तेलाच्या नळ्या कापल्या. विमान वळते, वरखाली होते ते त्याच तेलाच्या दाबावर. तरी वैमानिक आल्फ्रेड हेन्स व त्यांचे सोबती डगमगले नाहीत. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत त्यांनी विमान सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणले. टेकताना ते मोडले, पेटले. ११२ माणसे दगावली, १८४ वाचली.

मग चौकशी सुरू झाली. इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याची पाती एका जाड चकतीत बसवतात. ती चकतीच इंजिनात नव्हती! दीडशे किलोहून जड वस्तू, पण उभ्या मक्यात ती कशी दिसणार? ऑक्टोबरात कापणी लागली, तेव्हा आल्टा गावाजवळ एका शेतकरीणबाईच्या यंत्राला काहीतरी अडले. पाहतात तो चकतीचा मोठा तुकडा, काही पाती अजून तशीच!

धातू कुठे तुटला ते पाहिले की कसा तुटला ते कळते. चकती टायटॅनियमची. धातू वितळवताना त्यात एक कठीण, ठिसूळ कण राहिला होता. तिथे तिळाहून लहान खळगा पडला. दर उड्डाणाला चीर किंचित वाढे. अशी १५ हजारांवर उड्डाणे झाली.

मग तपासणीत चीर दिसली कशी नाही? तपासताना भागावर चमकणारा द्रव लावतात. तो चिरेत शिरतो आणि खास दिव्याखाली उजळतो. एप्रिल १९८८ मध्ये या चकतीची अशी तपासणी झालीच होती. तुटलेल्या जागी त्या द्रवाचा अंशही मिळाला! म्हणजे चीर तेव्हा होती, चांगली अर्ध्या इंचाची. पण नजरेतून सुटली.

चौकशी मंडळाने १९९० मध्ये सांगितले, की माणसाची नजर चुकू शकते हे कारखान्याने तपासणीची पद्धत ठरवताना पुरेसे ध्यानात घेतले नाही. मला हे पटते. शेकडो भाग निर्दोष पाहिलेला डोळा पुढचाही निर्दोषच धरतो. अपघातानंतर अशा चकत्या ध्वनिलहरींनीही तपासण्याचा हुकूम निघाला. धातूच्या पोटात दडलेला दोषही त्यांना सापडतो.