जठर काढले, आता इंजेक्शन कशाला?

प्रश्न : कॅन्सरमुळे वडिलांचे जठर गेल्या वर्षी पूर्ण काढले. आता ते बरे जेवतात. प्रोटीन पावडर प्यायली की घाम येतो, छाती धडधडते, म्हणून ती सोडली. बी-१२चे इंजेक्शनही टाळतात. बळजबरी करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बळजबरी नको, पण इंजेक्शन चुकू देऊ नका. अन्नातले बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठरच नाही म्हटल्यावर दूध-अंडी कितीही खाल्ली तरी ही उणीव भरत नाही. यकृतातला साठा कधी दोन-तीन वर्षेही पुरतो, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ असे वडिलांना वाटणे साहजिक आहे. साठा संपला की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि नसांची ही हानी नेहमीच भरून येत नाही. उपचार आयुष्यभराचा आहे. सुईच नको असेल तर जास्त मात्रेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

पावडरचा त्रास खरा आहे, पण दोष बहुधा पिण्याच्या पद्धतीत आहे. गोड पेय एकदम आतड्यात उतरले की असे होते. कमी साखरेची पावडर निवडा आणि दोन खाण्यांच्या मध्ये तासभर घोट घोट घेऊ द्या. तरीही नकोशी वाटली तर अंडे, पनीर, मुगाचे धिरडे द्या; पण ही अदलाबदल आहारतज्ज्ञांना विचारून करा. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर नको.

वजन उतरू लागले, घास अडकू लागला किंवा शौच डांबरासारखी चिकट-काळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनना दाखवा.